रॉबर्ट कॉख यांचे फसलेले औषध आणि गुरांचा क्षय

डिचोली तालुक्यातील मये हे गाव राज्याला परिचित आहे ते तेथील तलावामुळे. या गावातील शिकेरी भागात गोशाळा आहे आणि शहरांतील रस्त्यांवर, बाजारांत भटकणारी गुरे पकडून तेथे आणली जातात, हेही आता बहुतेकांना ठाऊक झाले आहे. अशा जनावराचा पूर्वेतिहास कोणालाच माहीत नसतो. ते कोणाच्या गोठ्यात वाढले, शेजारच्या दाव्याला कोणते जनावर होते, ते खोकत होते काय, हे सांगायला कोणी येत नाही. पाय मोडला असेल तर तो दिसतो. पोटात प्लास्टिक साचले असेल तर फुगलेल्या कुशीवरून तर्क करता येतो. फुप्फुसात काय चालले आहे ते मात्र बाहेरून कळत नाही. क्षयाने ग्रासलेली गाय कित्येक महिने, कधी कित्येक वर्षे चरते, रवंथ करते, वासराला पाजते, दूध देते, आणि या सगळ्या काळात तिच्या फुप्फुसाचा एकेक कोपरा आतून नासत असतो. जिवंत जनावरातील हा लपलेला क्षय ओळखण्याचे जे साधन आज पशुवैद्यांच्या हाती आहे, ते एका जर्मन डॉक्टरने माणसांचे औषध म्हणून जगापुढे आणले होते. औषध म्हणून ते साफ फसले आणि त्याने त्या डॉक्टरच्या कीर्तीला जन्मभराचा डाग लागला. क्षयाचा जंतू शोधणारे रॉबर्ट कॉख ते हेच. दरवर्षी २४ मार्चला जागतिक क्षयरोग दिन पाळला जातो तो त्यांच्याच शोधाच्या स्मरणार्थ. त्यांचे चरित्र सहसा माणसांच्या रोगांच्या अंगाने सांगितले जाते. गुरांच्या अंगाने पाहिले तर ते बरेच वेगळे दिसते.

कॉख यांचा जन्म ११ डिसेंबर १८४३ रोजी जर्मनीतील हार्झ डोंगररांगांमधील क्लाउस्टाल या गावी झाला. गाव खाणींचे होते आणि वडील खाण खात्यात अधिकारी होते. खाणगाव म्हणजे काय ते डिचोलीच्या वाचकाला समजावून सांगायला नको. तेथे लोहखनिजाऐवजी चांदी आणि शिसे निघे, एवढाच फरक. तेरा भावंडांमध्ये रॉबर्ट तिसरे. वयाच्या पाचव्या वर्षी घरी येणारी वर्तमानपत्रे चाळता चाळता ते आपले आपणच वाचायला शिकले, असे सांगतात. वर्तमानपत्राच्या धंद्यातील माणसांना ही आख्यायिका खरी असावी असे वाटणे स्वाभाविक आहे.

१८६२ मध्ये ते ग्योटिंगेन विद्यापीठात दाखल झाले आणि १८६६ मध्ये डॉक्टर होऊन बाहेर पडले. तेथे त्यांना याकोब हेन्ल हे शरीरशास्त्राचे प्राध्यापक लाभले. साथीचे रोग सजीव सूक्ष्म जंतूंमुळे होत असले पाहिजेत, असे हेन्ल यांनी १८४० मध्येच लिहून ठेवले होते. पुरावा मात्र त्यांच्याजवळ नव्हता. हा विचार शिष्याच्या मनात किती खोल रुजला होता हे पुढे दिसले. त्यावेळी तरी तरुण कॉख यांच्यापुढे पोटाचाच प्रश्न होता. १८६७ मध्ये विवाह झाला, पुढच्या वर्षी मुलगी झाली. एका गावी जम बसेना म्हणून दुसऱ्या गावी, असे करत, मध्ये फ्रान्सविरुद्धच्या युद्धात लष्करी डॉक्टर म्हणून काम करून, १८७२ मध्ये ते व्होलश्टाइन या आडवळणी गावी सरकारी वैद्यकीय अधिकारी म्हणून स्थिरावले. हे गाव आज पोलंडमध्ये आहे.

तेथे त्यांची खरी गाठ पडली ती गुरांशी. त्या भागात मेंढ्या आणि गाई काळपुळीने पटापट मरत. एकदा रोग शिरलेले कुरण वर्षे लोटली तरी निर्धोक होत नसे, आणि असे का होते ते कोणाला सांगता येत नव्हते. कॉख यांनी रुग्ण तपासण्याच्या खोलीत पडदा टाकून पलीकडे आपली प्रयोगशाळा थाटली. पत्नी एमी यांनी भेट दिलेला सूक्ष्मदर्शक, उंदीर, टोकदार लाकडी काड्या आणि कसायाकडून आणलेले बैलांचे डोळे, एवढेच काय ते साहित्य. मेलेल्या जनावराच्या रक्तात काडी बुडवून ती उंदराच्या शेपटीपाशी टोचायची, उंदीर मेला की त्याचे रक्त पुढच्या उंदराला, असे क्रमाने चालले. जनावराच्या शरीराबाहेर जंतू वाढवण्यासाठी बैलाच्या डोळ्यातील पाण्यासारखा स्वच्छ द्रव त्यांनी वापरला आणि तासनतास पाहत राहून काडीसारख्या जंतूच्या अंगात चकाकणारे बीजाणू तयार होताना टिपले. हे टणक बीजाणू मातीत वर्षानुवर्षे तग धरतात. कुरणाच्या शापाचा उलगडा तो एवढाच होता. १८७६ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठातील फर्डिनंड कोन यांच्यापुढे त्यांनी हे प्रयोग करून दाखवले. विशिष्ट जंतूमुळेच विशिष्ट रोग होतो, हे पहिल्यांदा पायरीपायरीने सिद्ध झाले ते असे, एका गुराच्या रोगावर आणि एका खेड्यातील डॉक्टरच्या घरी.

१८८० मध्ये सरकारने त्यांना बर्लिनच्या आरोग्य कार्यालयात बोलावले. आता हाताखाली माणसे होती आणि वेळही होता. पुढच्याच वर्षी, ऑगस्टच्या सुमारास, त्यांनी क्षयाचा विषय हाती घेतला. त्या काळी युरोपात मरणाऱ्या दर सात माणसांमागे एक क्षयाने मरत असे, असा हिशेब मांडला जाई. हा रोग आनुवंशिक, दुबळ्या प्रकृतीचा, दारिद्र्याचा, अशी नाना मते होती. जाँ आंत्वान व्हिलमँ या फ्रेंच लष्करी डॉक्टरने १८६५ मध्ये माणसाच्या आणि गाईच्या क्षयाच्या गाठीतील द्रव्य सशांना टोचून रोग लागतो हे दाखवले होते. गाईकडून घेतलेले द्रव्य सशांना अधिक जहाल ठरते, हेही त्यांनी नोंदवले होते. पण ज्याच्यामुळे हे घडते तो जंतू कोणालाही दिसला नव्हता.

तो दिसत नव्हता याचे कारण त्याच्या कवचात आहे. हे कवच मेणचट असल्याने साधे रंग त्यावर चढत नाहीत. कॉख यांनी अल्कलीयुक्त निळ्या रंगात काचपट्ट्या दीर्घकाळ ठेवून आणि नंतर तपकिरी रंगाने भोवतालचा भाग झाकून तो वेगळा काढला; तपकिरी पेशींमध्ये बारीक निळ्या काड्या. त्याला वाढवणे त्याहून अवघड होते. इतर जंतू एका रात्रीत दिसू लागतात. याच्यासाठी त्यांनी गोठवलेला रक्तद्रव शरीराच्या उष्णतेला ठेवला आणि वाट पाहिली. पहिला आठवडा काहीच नाही. दुसऱ्या आठवड्यात कुठे कोरडे, खवल्यासारखे ठिपके उमटले. ज्याला घाई असती त्याने नळ्या केव्हाच टाकून दिल्या असत्या. २४ मार्च १८८२ रोजी बर्लिनच्या शरीरक्रियाशास्त्र मंडळापुढे त्यांनी हे सारे मांडले. व्याख्यान संपल्यावर कोणी शंका काढली नाही, वाद घातला नाही.

या व्याख्यानातील एक भाग नंतरच्या काळात स्वतः कॉख यांनाच अडचणीचा ठरला. त्यांनी तपासलेल्या नमुन्यांत माणसांबरोबर गुरांच्याही गाठी होत्या. जर्मन खाटीक गुरांच्या या रोगाला मोत्यांचा रोग म्हणत, कारण छातीच्या आतील आवरणावर टपोऱ्या, चकचकीत गाठी मोत्यांच्या सरीसारख्या लगडलेल्या दिसत. माणसाचा क्षय आणि गुरांचा मोती रोग एकच आहेत आणि अशा गाईचे दूध व मांस धोक्याचे आहे, असे कॉख यांनी तेव्हा मानले होते.

हे मोती कसे बनतात ते समजल्याशिवाय कॉख यांच्या पुढच्या आयुष्याचा अर्थ लागत नाही.

रोगी गाय खोकते, फुरफुरते, तेव्हा तिच्या श्वासातून तुषार उडतात. मोठे थेंब जमिनीवर पडतात. अगदी बारीक तुषार हवेत तरंगत राहतात आणि शेजारच्या जनावराच्या श्वासाबरोबर थेट वायुकोशांपर्यंत जातात. वायुकोश म्हणजे श्वासनलिकांच्या टोकांना द्राक्षांच्या घडासारख्या लागलेल्या इवल्या पिशव्या. त्यांची भिंत इतकी पातळ की तिच्यातून प्राणवायू रक्तात झिरपावा. येथे भक्षक पेशींचा पहारा असतो. आलेली धूळ, आलेला जंतू गिळायचा आणि पोटातील पाचक रसात विरघळवायचा, हे या पेशींचे काम. क्षयजंतूलाही त्या गिळतात. पचवू मात्र शकत नाहीत. ज्या पोकळीत तो गिळला गेला तिला पाचक रसाची पिशवी येऊन मिळायची असते, ते मीलनच हा जंतू रोखून धरतो आणि पहारेकऱ्याच्याच पोटात वाढू लागतो. त्याची वाढ संथ असते. एकाचे दोन व्हायला वीसेक तास लागतात. अखेर पेशी मरते, जंतू बाहेर पडतात, नव्या पेशी त्यांना गिळतात आणि त्याही मरतात.

जंतू मारता येत नाही असे दिसले की शरीर त्याला कोंडते. भक्षक पेशींचा गराडा पडतो. काही पेशी एकमेकींत मिसळून अनेक केंद्रके असलेल्या प्रचंड पेशी होतात. त्यांच्याभोवती लसिका पेशी जमतात आणि सर्वांत बाहेर तंतूंचे कुंपण उभे राहते. हीच ती गाठ. कुंपणाच्या आत रक्त पोचत नाही, त्यामुळे आतल्या पेशी मरून पिवळसर, भुसभुशीत, पनीरासारखा गर साचतो. गुरांमध्ये त्यात पुढे चुना बसतो. मृत जनावराची तपासणी करताना अशा गाठीवर सुरी चालवली की करकर असा आवाज येतो. गाठ बंद राहिली तर गाय बाहेरून ठणठणीत दिसते. कुंपण खचले की गर पातळ होऊन श्वासनलिकेत फुटतो, मागे पोकळी उरते आणि प्रत्येक खोकल्यासरशी जंतू गोठ्यात पसरतात. छातीतील लसिका ग्रंथी सुजून श्वासनलिकेवर आणि अन्ननलिकेवर दाब आणतात. मग पहाटेच्या गारव्यात किंवा चार पावले चालल्यावर येणारा हलका, कोरडा खोकला सुरू होतो, कधी पोटफुगी होते. रक्तावाटे जंतू यकृतात, मूत्रपिंडात आणि कासेत पोचतात. कासेत पोचले की ते दुधात उतरतात.

यात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी की क्षयजंतू स्वतः कोणतेही जहाल विष सोडत नाही. फुप्फुस नासते त्याचा मोठा वाटा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराचा असतो. आपल्याकडील पशुपालकांना ओळखीचा घटसर्प अगदी उलट वागतो. त्याचा जंतू ज्या कुळातला, त्या कुळाला लुई पाश्चर यांचे नाव मिळाले आहे. तो रक्तात शिरला की त्याच्या कवचातील विषाने रक्तवाहिन्यांचे अस्तर सैल पडते, गळा सुजून घोगरा श्वास लागतो, फुप्फुसांत पाणी भरते आणि म्हैस अनेकदा चोवीस तासांच्या आत मरते. याच कुळातला आणखी एक जंतू लांबच्या प्रवासाने थकलेल्या, दाटीने कोंबलेल्या गुरांच्या फुप्फुसावर घाला घालतो. त्याचे विष मदतीला धावून आलेल्या पांढऱ्या पेशीच फोडते आणि त्या पेशींतील रस भोवतालचे ऊतक जाळत जातात. असे रोग कोणाच्या नजरेतून सुटत नाहीत. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी घटसर्पाची लस टोचून घ्यायला पशुपालक आपणहून येतो. क्षयाचे तसे नाही. तो ओरडून सांगत नाही.

कॉख यांच्याकडे परत वळायचे तर, १८८३ अखेर ते पटकीचा शोध घेत इजिप्तमार्गे कलकत्त्याला आले. तेथील मृतांच्या आतड्यांत आणि तळ्याच्या पाण्यात स्वल्पविरामासारखा वाकडा जंतू त्यांना सापडला. मायदेशी त्यांचा विजयी सेनापतीसारखा सत्कार झाला, एक लाख मार्कांचे बक्षीस मिळाले, १८८५ मध्ये बर्लिन विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले. पुढची काही वर्षे मात्र नवे काही हाती लागेना. पॅरिसमध्ये पाश्चर लसींमागून लसी काढत होते आणि दोन देशांतील वैर प्रयोगशाळांतही उतरले होते. जर्मन सरकारला आपल्या माणसाकडून काहीतरी भव्य हवे होते.

ऑगस्ट १८९० मध्ये बर्लिनला भरलेल्या आंतरराष्ट्रीय वैद्यक परिषदेत कॉख यांनी क्षयजंतूची वाढ रोखणारे द्रव्य सापडल्याचे जाहीर केले आणि नोव्हेंबरमध्ये त्याचे वापराचे तपशील छापून आले. ते कशाचे बनवले आहे ते मात्र त्यांनी गुप्त ठेवले, आणि शास्त्रज्ञाला न शोभणारी ही गोष्ट होती. बर्लिनकडे रुग्णांची रीघ लागली. खोकणारी माणसे रेल्वेने येऊन हॉटेलांत खोल्या भाड्याने घेऊन राहू लागली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉयल हे डॉक्टरही त्या गर्दीत होते, आणि औषधाबद्दल साशंक होऊन परतलेल्या थोड्यांपैकी ते एक. काही आठवड्यांतच मृत्यूंच्या वार्ता येऊ लागल्या. रुडॉल्फ व्हिर्चो यांनी शवविच्छेदने करून दाखवले की इंजेक्शननंतर जुन्या गाठींभोवती तीव्र दाह उसळतो, ऊतक मरते आणि कोंडलेले जंतू उलट मोकळे होऊन पसरतात. जानेवारी १८९१ मध्ये कॉख यांना गुपित उघड करावे लागले. क्षयजंतूंच्या वाढीचा ग्लिसरिनमध्ये काढलेला तो अर्क होता. ट्युबरक्युलिन हे त्याचे नाव.

ज्या कारणाने औषध फसले, त्याच कारणाने पुढे ती चाचणी झाली. ज्याच्या शरीरात क्षयजंतू कोठेतरी दडलेला आहे, त्याच्या लसिका पेशी त्या जंतूला ओळखून असतात. अर्क टोचला की त्या धावून येतात. टोचल्या जागी सूज आणि अंगात ताप येतो. ज्याला जंतूचा संसर्ग नाही त्याला त्या मात्रेने काही होत नाही. रोगनिदानासाठी याचा उपयोग होईल हे कॉख यांनीही नमूद केले होते; पण औषधाच्या गाजावाजात ते वाक्य कोणाच्या ध्यानात राहिले नाही. आज एस्टोनियात असलेल्या दोर्पात येथील गुटमान या पशुवैद्याने हा अर्क गाईंना टोचून पाहिला. वरून निरोगी दिसणाऱ्या ज्या गाईंना ताप चढला, त्यांच्या फुप्फुसांत गाठी निघाल्या. माणसांच्या डॉक्टरांनी टाकून दिलेली बाटली पशुवैद्यांनी उचलली ती अशी.

डेन्मार्कच्या बर्नहार्ड बँग यांनी १८९२ पासून या चाचणीवर एक पद्धत उभी केली, आणि गोव्याच्या संदर्भात ती आवर्जून सांगण्यासारखी आहे. सगळ्या गाईंना ट्युबरक्युलिन टोचायचे. ज्यांची चाचणी सदोष येईल त्यांना सरसकट मारायचे नाही. वेगळ्या गोठ्यात, वेगळ्या माणसाच्या देखरेखीखाली ठेवायचे. त्यांना झालेले वासरू जन्मतःच आईपासून दूर करून निरोगी कळपात आणायचे आणि दूध तापवूनच पाजायचे. ठरावीक काळाने पुन्हा चाचणी. काही वर्षांत जुना, रोगी कळप आपोआप संपतो आणि नवा, निरोगी कळप उभा राहतो. पुढे श्रीमंत देशांनी चाचणी करून कत्तल करण्याचा झटपट मार्ग धरला. गोव्यात १९७८ पासून गोहत्येवर कायद्याचे निर्बंध आहेत आणि कायद्याच्याही आधीपासून लोकांची श्रद्धा आहे. मयेसारख्या ठिकाणी, जेथे जनावर मरेपर्यंत सांभाळायचे म्हणूनच आणले जाते, तेथे बँग यांचीच वाट व्यवहार्य ठरते. नवे जनावर कळपात सोडण्यापूर्वी काही काळ वेगळे ठेवणे, मानेच्या कातडीत ट्युबरक्युलिनचा शुद्ध केलेला अंश टोचून ७२ तासांनी कातडीची जाडी मोजणे, आणि चार महिन्यांच्या पावसात बंद राहणाऱ्या गोठ्यात वारा खेळता ठेवणे, याला फार मोठे भांडवल लागत नाही. डास पळवण्यासाठी धुरी करून दारे लावून घेतलेल्या गोठ्यात एका गाईचा श्वास रात्रभर सगळ्यांनी वाटून घेतलेला असतो.

ट्युबरक्युलिनच्या नाचक्कीनंतर कॉख यांचे खासगी आयुष्यही विस्कटले. हेडविग फ्रायबर्ग या विशीच्या आतल्या मुलीच्या ते प्रेमात पडले. १८९३ मध्ये एमी यांच्यापासून घटस्फोट घेऊन त्यांनी तिच्याशी विवाह केला. बर्लिनच्या प्रतिष्ठित घरांना हे रुचले नाही. यानंतरचे कॉख आपल्याला बहुधा बोटीवर किंवा तंबूत भेटतात. १८९६ अखेर ते दक्षिण आफ्रिकेला गेले. तेथे बुळकांड्याने गुरांचे कळपच्या कळप आडवे होत होते. किंबर्लीला राहून त्यांनी मेलेल्या जनावराचे पित्त टोचून निरोगी जनावरांत प्रतिकार निर्माण करण्याची पद्धत काढली. पद्धत ओबडधोबड होती, पण तिने पुष्कळ गुरे वाचली.

तेथूनच १८९७ च्या उन्हाळ्यात ते मुंबईला आले. मुंबईत प्लेगने हाहाकार उडवला होता. पुण्यात रँडचा वध झाला तो हाच उन्हाळा. गाफ्की यांच्या नेतृत्वाखालील जर्मन प्लेग आयोग आधीच मुंबईत होता, त्याला कॉख येऊन मिळाले. आयोगाचे लोक दमणलाही गेले. तेव्हाचे दमण पणजीहून चालणाऱ्या पोर्तुगीज राज्याचा भाग होते, आणि हाफकिन यांची प्लेगची लस टोचलेल्या व न टोचलेल्या माणसांची तुलना तेथे करता आली. याच दौऱ्यात ते हिमालयातील मुक्तेश्वरच्या पशुरोग प्रयोगशाळेतही गेले. या प्रयोगशाळेची सुरुवात १८८९ मध्ये पुण्यात झाली होती; आल्फ्रेड लिंगार्ड तिचे प्रमुख होते. आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था तिच्यातूनच वाढली.

कॉख यांच्या आयुष्यातील दुसरी मोठी चूक पहिलीपेक्षा महागात पडली, असे म्हणावे लागते. पहिलीने काही महिने माणसे फसली. दुसरीने कित्येक वर्षे.

१८९८ मध्ये अमेरिकेतील थिओबाल्ड स्मिथ यांनी दाखवून दिले की गुरांचा क्षयजंतू आणि माणसाचा क्षयजंतू हे जवळचे नातलग असले तरी एक नव्हेत. कॉख यांनीही प्रयोग केले. क्षयी माणसांची थुंकी वासरांना आणि डुकरांना खाऊ घातली, टोचली. वासरांना काही झाले नाही. गुरांचा जंतू टोचला तेव्हा मात्र ती खंगली. येथवर सारे ठीक होते. पण माणसाचा जंतू गाईला बाधत नाही, यावरून गाईचा जंतू माणसाला बाधत नसावा, अशी उडी त्यांनी घेतली. उलट दिशेचा प्रयोग माणसांवर करता येत नव्हता. बर्लिनच्या बालकांत आतड्यापासून सुरू झालेला क्षय क्वचितच सापडतो, एवढ्या आधारावर त्यांनी निष्कर्ष काढला. जुलै १९०१ मध्ये लंडनच्या क्षयरोग परिषदेत त्यांनी तो जाहीरपणे मांडला. गाईच्या दुधातून माणसाला क्षय होण्याची शक्यता नगण्य असून त्यासाठी कोणतेही उपाय योजण्याची गरज नाही, असा त्याचा आशय होता. १८८२ मध्ये ते स्वतःच याच्या उलट सांगून बसले होते.

सभेत खळबळ उडाली. वयोवृद्ध लिस्टर यांनी तेथल्या तेथे तर्कातील भगदाड दाखवले. फ्रेंच पशुवैद्य नोकार यांनी विरोध केला. पण सामान्य डॉक्टर, गवळी आणि मंत्री यांच्या लेखी क्षयाचा जंतू शोधणाऱ्यानेच अभय दिले होते. दूध तापवून विकण्याची सक्ती म्हणजे खर्च, आणि खर्च टाळायला यापेक्षा मोठे नाव मिळाले नसते. ब्रिटिश सरकारने मात्र शहाणपणा दाखवून त्याच वर्षी एक शाही आयोग नेमला. आयोगाने नुसत्या साक्षी घेतल्या नाहीत; शेतावर गुरे ठेवून वर्षानुवर्षे प्रयोग केले. क्षयाने मेलेल्या मुलांच्या मानेतील आणि पोटातील ग्रंथींतून जंतू वाढवून ते वासरांना टोचले. वासरांना मोती रोग झाला. मुलांच्या शरीरात गाईचाच जंतू होता आणि तो दुधावाटे शिरला होता.

कॉख यांच्या म्हणण्यात तथ्याचा अंश होता, हे न्यायाने सांगितले पाहिजे. माणसाच्या फुप्फुसाचा क्षय बहुतेक वेळा माणसाच्याच जंतूने होतो आणि माणसापासूनच पसरतो. सरकारचा पैसा आधी तेथे लागला पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. पण लहान मुलांच्या गळ्यातील गंडमाळा, आतड्यांचा आणि हाडांचा क्षय यांत गाईचा वाटा मोठा होता, आणि तो टाळणे दूध उकळण्याइतके सोपे होते. १९०५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले तरी, १९०८ मध्ये वॉशिंग्टनच्या परिषदेत सहकाऱ्यांनी समजावले तरी, त्यांनी आपली भूमिका मुळातून सोडली नाही. त्याच वर्षी शिकागो शहराने दुधाच्या पाश्चरीकरणाची सक्ती केली.

आपल्याकडे चुलीवर दूध तापवून ठेवण्याची रीत जुनी आहे. ती जंतू मारण्यासाठी रूढ झाली नाही, दूध नासू नये आणि साय धरावी म्हणून झाली. तरी तिने कित्येक पिढ्यांची मुले राखली. धारोष्ण दुधाचे कौतुकही आपल्याकडे तितकेच जुने आहे, आणि तपासणी न झालेल्या गाईच्या बाबतीत ते कौतुक धोक्याचे आहे. गाईच्या जंतूने झालेल्या क्षयाची आणखी एक अडचण म्हणजे माणसाच्या क्षयावर दिल्या जाणाऱ्या औषधांपैकी पायराझिनामाइड हे औषध या जंतूवर चालत नाही.

ज्या जंतूची कॉख यांनी उपेक्षा केली, त्यातूनच क्षयाची लस निघाली. नोकार यांनी क्षयी गाईच्या दुधातून वेगळा काढलेला वाण काल्मेट आणि गेराँ या दोघांनी १९०८ पासून तेरा वर्षे पुन्हापुन्हा वाढवत नेला, तेव्हा तो निर्विष झाला. बीसीजी या नावातील दोन अक्षरे त्या दोघांची आहेत. आज गोव्यात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या डाव्या दंडावर जी लस टोचली जाते, तिचे मूळ एका आजारी गाईच्या कासेत आहे.

एप्रिल १९१० मध्ये कॉख यांना हृदयविकाराचा तीव्र झटका आला. विश्रांतीसाठी ते बाडेन-बाडेनला गेले आणि तेथेच २७ मे रोजी, वयाच्या सहासष्टाव्या वर्षी, त्यांचे निधन झाले. बर्लिनमध्ये त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थेच्या इमारतीत त्यांच्या अस्थी ठेवल्या आहेत. ब्रिटिश शाही आयोगाचा अखेरचा अहवाल १९११ मध्ये प्रसिद्ध झाला. गाईचा क्षय माणसाला होतो, विशेषतः लहान मुलांना, आणि त्याची वाट दुधातून जाते, असा निर्णय त्यात दिलेला होता.